पाठीत उसण भरली, पुढे काय?

पेरणीची घाई असते. गडी खताचे पोते उचलायला वाकतो आणि कंबरेत अशी कळ निघते की सरळ उभे राहवत नाही. घरातली वडीलधारी म्हणतात, "आता महिनाभर बाज सोडायची नाही!" माया खरी, पण सल्ला चुकीचा.

आधी धोक्याचे सांगतो. माणूस झाडावरून किंवा विहिरीत पडला असेल, तर काखेत हात घालून त्याला उठवू नका. १०८ला फोन करा. पायातले बळ गेले, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे चोळणाऱ्याचे काम नाही.

पण नुसती उसण असेल तर? फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांवर, ज्यांची कंबर नुकतीच धरली होती, एक प्रयोग झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस निजवून ठेवले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, बाकीच्यांना सांगितले, झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. हे शेवटचेच लवकर बरे झाले. निजलेल्यांना सर्वांत उशीर लागला. पडून राहिले की स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि हालचालीची धास्ती बसते. ही धास्ती फार वाईट.

मग फिजिओथेरपी कशाला, असे विचाराल. पहिल्या दिवसांत तिची घाई नकोच. पण काही आठवड्यांनीही दुखणे हटेना, किंवा कंबर वरचेवर धरू लागली, तर ती हवी. शेकाने, मालिशीने बरे वाटते. बळ मात्र व्यायामानेच येते. उताणे निजावे, गुडघे मोडून पावले टेकवावीत, कंबर किंचित उचलावी, पाच मोजावेत, हळूच खाली यावे. असे आठ-दहा वेळा. कळ पायात खाली उतरू लागली तर थांबावे आणि तज्ज्ञाला दाखवावे. ती पायातून वर कंबरेकडे सरकली तर ते सुधारणेचे लक्षण.

गुरुजींनी वर्गात एक करून दाखवावे. भरलेली बादली आधी छातीशी धरायची, मग हात लांब करून. मुलांना तरफ लगेच कळेल, आणि ओझे अंगालगत का धरायचे तेही!

कामावर परततानाही बेताने. आधी बांधापर्यंत चालणे, मग अर्धे घमेले. पोते सर्वांत शेवटी, आणि तेही दोघांनी मिळून.