दोन देशांचं कायम वास्तव्य: दिवस मोजायचे की मन?

मागच्या व्याख्यानात आपण नागरिकत्वाविषयी बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: अमेरिकेचं ग्रीन कार्ड आणि कॅनडाचं पीआर, ही दोन्ही एकाच वेळी बाळगता येतात का? आज त्याचं उत्तर शोधू या. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे स्वतःच्या प्रकरणासाठी तुम्हाला वकील गाठावाच लागेल. पण या प्रश्नाच्या पोटात 'एखाद्या ठिकाणी राहणं म्हणजे काय' हा दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या विषयातला आहे.

आधी एक घोळ दूर करू. कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये सांगून ठेवलंय की नुसतं एखाद्या नगरात राहिल्याने कोणी नागरिक होत नाही. तो स्वतः स्तागिराचा. अथेन्समध्ये वर्षानुवर्षं राहिला, शिकवलं, पण तिथे तो शेवटपर्यंत 'मेटिक', म्हणजे परका रहिवासीच होता. आजचा ग्रीन कार्डधारक त्याच जातकुळीतला. भारताच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा यांनुसार स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशातलं कायम वास्तव्य घेतल्याने ते संपत नाही. म्हणून पुण्याचा एखादा इंजिनिअर भारतीय पासपोर्ट ठेवून एका, किंवा दोन देशांचा कायम रहिवासी असू शकतो.

आता दोन कशाला लागतात? हौस म्हणून नव्हे. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त देत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं हलत नाही. कॅनडाने २०१५ मध्ये गुणांवर आधारलेली 'एक्सप्रेस एंट्री' सुरू केली. तेव्हा रांगेत उभा असलेला माणूस म्हणतो, तिकडचंही करून ठेवू. मग कधीतरी इकडचं कार्डही येतं, आणि पेच सुरू होतो.

कायद्याचं थोडक्यात उत्तर असं: दुसऱ्या देशाचं पीआर हातात आहे एवढ्यावरून दोघांपैकी कोणीही आपलं काढून घेत नाही. पण आपलं टिकवण्यासाठी दोघेही काही मागतात, आणि त्यांची मागणी एका जातीची नाही.

कॅनडा दिवस मोजतो. दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तुम्ही कॅनडात असायला हवं. ते सलग असण्याची गरज नाही. कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवस, किंवा कॅनडाच्या कंपनीने पूर्णवेळ कामासाठी बाहेर पाठवलं असेल तर ते दिवस, ठरलेल्या अटींवर धरले जातात. म्हणजे पाच वर्षांतले सुमारे १०९५ दिवस तुमचे तुम्ही कुठेही घालवा. इथे प्रश्न बेरजेचा आहे. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं काढा, हिशेब करा.

अमेरिका मन विचारते. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना तुमची नव्याने तपासणी होऊ शकते. वर्षभर किंवा जास्त राहायचं तर आधीच री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, ते सहसा दोन वर्षांचं मिळतं. पण बऱ्याच लोकांना वाटतं तसं हे नाही, की सहा महिन्यांच्या आत एक चक्कर मारली की झालं. खरा प्रश्न हा असतो की तुम्ही घर सोडून तात्पुरते बाहेर गेला होतात, की घरच बाहेर आहे आणि इथे तात्पुरते येताय? नोकरी कुठे, बिऱ्हाड कुठे, मुलांची शाळा कुठे, कर कुठे भरता, यावरून अधिकारी तुमचा इरादा ताडतो.

तत्त्वज्ञानात आपण हेतू आणि कृती यांचा भेद करतो. इथे तो भेद विमानतळाच्या खिडकीवर भेटतो. दिवसांची वाटणी करता येते: इकडे दोन वर्षं, तिकडे तीन. 'माझं कायमचं घर' या वाक्याची वाटणी कशी करणार? कॉमन लॉ परंपरेत अधिवास, ज्याला आपण सगळे डोमिसाईल म्हणतो, एका वेळी एकच मानतात, तो याच कारणाने.

एक जागा मात्र अशी आहे जिथे दोन्ही गोष्टी नांदतात. डेट्रॉइट आणि विंडसर यांच्यामध्ये फक्त नदी आहे. अमेरिकेचा नियम असा की ग्रीन कार्डधारक शेजारच्या देशात राहून कामासाठी अमेरिकेत ये-जा करू शकतो. त्याला 'कम्यूटर' म्हणतात. दिवसाचा काही भाग जरी कॅनडात गेला तरी कॅनडा तो दिवस धरतो. पण बघा, किंमत आहे. असा काळ अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्यात मोजला जात नाही, आणि काम सुटून सहा महिने लोटले की ही सवलतही सहसा जाते.

दुसरी कसोटी कराची. ग्रीन कार्ड आहे तोवर अमेरिका जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते. दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणू लागले, तर त्यांच्यातला करार आधी पक्कं घर कुठे ते विचारतो. ते दोन्हीकडे असेल, तर तुमचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे अधिक जवळचे आहेत ते पाहतो. तिथे 'कॅनडात' असं लिहून कर वाचवलात, तर तोच कागद ग्रीन कार्डाच्या वेळी तुमच्या विरुद्ध उभा राहू शकतो.

आणि तिसरी जागा आपण विसरतो. आई-वडील पुण्यात किंवा साताऱ्यात आहेत. आईचं आजारपण निघालं, मुलगी आठ महिने इकडे येऊन राहिली. हे आठ महिने कॅनडाच्या ७३० मध्ये नाहीत, आणि अमेरिकेच्या खिडकीवर शंका वाढवणारे आहेत. कॅनडात दिवस कमी पडले तर मानवी कारणांचा विचार करण्याची कायद्यात सोय आहे, पण ती मागावी लागते, कागद दाखवावे लागतात. एका देशाचं कार्ड असेल तर हे आठ महिने निभावतात. दोन देशांची गणितं काटेकोर बसवलेल्या माणसाकडे आईसाठी दिवसच उरलेले नसतात. आमच्या मते या विषयातली खरी अडचण हीच आहे.

मग करायचं काय? प्रवासाच्या तारखांची वही ठेवा. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणजे कॅनडाचा दर्जा संपला असं नाही. तो रीतसर निर्णयाशिवाय जात नाही. अमेरिकेच्या विमानतळावर ग्रीन कार्ड सोडल्याचा आय-४०७ हा फॉर्म पुढे केला, तर त्यावर सही करणं सक्तीचं नाही. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर म्हणणं मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन डगरींवर पाय ठेवायचा असेल तर त्याची मुदत घरात बसून ठरवा. नवं कार्ड आलं, नोकरी पक्की व्हायची आहे, मुलाचं शाळेचं वर्ष संपायचं आहे, अशा वेळी वर्ष-दोन वर्षं दोन्ही ठेवण्यात गैर काही नाही. त्या काळात अधिकाऱ्याला तुम्ही जे सांगता ते खरंच असतं. पुढे मात्र दोनपैकी एका खिडकीवर खोटं बोलावं लागेल अशी वेळ येते. ती येण्याआधी एक कार्ड आपणहून परत करावं. ते कोणतं, हे ठरवताना ७३० बरोबर साताऱ्याच्या फेऱ्यांचे दिवसही त्या वहीत मांडा.

आता प्रश्न घेऊ.