पंख्याचा कंडेन्सर आणि गुंठ्यांचा हिशेब

श्रोतेहो, व्याख्यानमाला वसंतातली असली, तरी वसईचा वैशाख कोणाची गय करीत नाही. म्हणून डोक्यावर फिरणारा पंखाच आज विषयाला घेतला आहे. कधी कधी हा पंखा नुसताच गुणगुणतो आणि काठीने ढकलला तर फिरू लागतो. मग वायरमन येतो, एक लहानशी डबी बदलतो आणि पंखा पूर्ववत चालतो. ही डबी म्हणजे कंडेन्सर. शास्त्रीय परिभाषेत धारित्र. तिच्यात असते तरी काय?

समोरासमोर दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहणारा पदार्थ, एवढीच मूळ रचना. एका पत्र्यावर धन, दुसऱ्यावर ऋण भार साठतो. हॉलंडमधील लायडन येथे 1746 साली गाजलेली काचेची बरणी याच जातीची. भार साठविण्याच्या कुवतीला धारिता म्हणतात. पत्रे जितके मोठे तितकी ती अधिक. त्यांच्यातील अंतर जितके जास्त तितकी ती कमी.

आता पत्र्याचे माप काढू. धारितेला अंतराने गुणावे आणि मधल्या पदार्थाच्या स्थिरांकाने भागावे, की क्षेत्रफळ मिळते. हवेचा स्थिरांक 8.85 भागिले दहाचा बारावा घात. फॅरडेच्या नावाचे एकक फॅरड. एक फॅरड धारिता हवी आणि अंतर 1 मिलिमीटर असेल, तर प्रत्येक पत्रा सुमारे 113 चौरस किलोमीटरांचा लागेल! चौरस कापला तर बाजू 10.6 किलोमीटर, वसई रोडवर एक टोक ठेवले, तर दुसरे विरार ओलांडून जाईल.

पंख्याला अर्थात इतके नको. त्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरड, म्हणजे फॅरडचे अडीच दशलक्षांश, पुरतात. तेच अंतर धरले तर 2500 ला 8.85 ने भागावे. उत्तर 282 चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेतीन गुंठे. एका पंख्यापायी केळीची एक छोटी वाडीच गेली म्हणायची!

मग ही वाडी डबीत मावते कशी? अंतर घटवून. हवेच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा 6 मायक्रॉन जाडीचा पापुद्रा घातला असे धरा. अंतर 167 पटींनी घटले. शिवाय या पदार्थाचा स्थिरांक हवेच्या 2.2 पट. तेव्हा 282 चे झाले अवघे पाऊण चौरस मीटर. पत्र्याऐवजी पापुद्र्यावर धातूचा वर्ख चढवून गुंडाळी केली, की काम झाले.

पापुद्रा आणखी पातळ का करू नये? जाडी निम्मी केली की क्षेत्रफळ निम्मे होते, पण पापुद्र्यावरचा विजेचा ताण दुप्पट होतो. ताण असह्य झाला की त्याला भोक पडते. भोकाभोवतीचा वर्ख जळून जातो; त्यामुळे डबी वाचते, पण तेवढे क्षेत्रफळ कायमचे जाते. 2.5 ची धारिता 1.5 वर आली, म्हणजे पाचांतील दोन भाग वर्ख गेला. पंखा मंदावतो तो बहुधा यामुळे.

तेव्हा नवी डबी घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट जुनीपेक्षा कमी नाहीत, हे पाहावे. आणि बटण बंद केले म्हणून डबीच्या तारांना लगेच हात लावू नये. साठविणे हाच तिचा धर्म. दिवा विझला तरी भार आत राहिलेला असू शकतो.