दहातलं एक मूल

४ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ७४,२२९ शाळांमध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या २१,१५,०२२ मुलांनी एक चाचणी दिली. ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ हे तिचं नाव. ७८१ जिल्ह्यांत ती झाली. तिच्यात कुणी पास झालं नाही की नापास झालं नाही, कुणाच्या प्रगतिपुस्तकावर गुण चढले नाहीत. निकाल लागला तो जिल्ह्याचा. आणि त्या निकालात अशी असंख्य मुलं सामावलेली होती, ज्यांनी ती प्रश्नपत्रिका पाहिलीसुद्धा नव्हती. न विचारलेल्या मुलाला काय येतं, हे विचारलेल्या मुलावरून इतक्या खात्रीनं कसं सांगता येतं?

वर्धा जिल्हाच घेऊ. ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी यादीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे आणि त्यापुढे वर्गवार पट. निवडीची सुरुवात या यादीपासून होते. सरळ मनाला सुचतं ते असं, की शाळांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात आणि हव्या तितक्या उचलाव्यात. पण हिंगणघाट शहरातल्या शेकडो मुलांच्या शाळेची एक चिठ्ठी आणि कारंजा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या वीस मुलांच्या शाळेचीही एकच. दोन्हींतून वीस-वीस मुलं घेतली, तर छोट्या शाळेतलं प्रत्येक मूल निवडलं जातं आणि मोठ्या शाळेतली बहुतेक मुलं बाहेर राहतात. चिठ्ठी शाळांना न्याय देते, मुलांना नाही.

यावरची युक्ती मला आजही अचंबित करते. समजा, जिल्ह्यात तिसरीची दहा हजार मुलं आहेत (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत) आणि आपल्याला पन्नास शाळांतून वीस-वीस मुलं हवी आहेत. कागदावर सगळ्या मुलांची एक रांग लावा. आष्टीपासून सुरू करा, मग कारंजा, आर्वी, सेलू, वर्धा, देवळी, हिंगणघाट, आणि शेवटी समुद्रपूर. एका शाळेची मुलं शेजारीशेजारी. दहा हजारांना पन्नासनं भागलं की दोनशे येतात. आता १ ते २०० मधला एक आकडा डोळे मिटून काढा. समजा १३७ आला. तर १३७ वं मूल, ३३७ वं, ५३७ वं असं दोनशेच्या पावलानं शेवटापर्यंत चालत जा. पाऊल ज्या शाळेवर पडेल, ती शाळा निवडली.

शंभर मुलांच्या शाळेवर पाऊल पडण्याची शक्यता दोनात एक. तिथे शंभरातली वीस मुलं निवडायची, म्हणजे मुलाला पाचात एक संधी. दोन्ही मिळून दहात एक. वीस मुलांच्या शाळेवर पाऊल पडण्याची शक्यता दहात एकच, पण पडलं की सगळीच्या सगळी मुलं घेतली जातात. म्हणजे पुन्हा दहात एक! शाळा मोठी म्हणून तिचं पारडं जड होतं, आणि ती मोठी आहे याच कारणानं आतल्या मुलाची संधी तितकीच हलकी होते. दोन असमानता एकमेकींना बरोब्बर खोडतात आणि उरते ती मुलामुलांतली समानता. शिवाय रांग तालुक्यांच्या क्रमानं लावली असल्यामुळे कोणताही तालुका सहसा सुटत नाही, त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही.

आठच मुलांची शाळा असेल तर? तिच्यावर पाऊल पडण्याची शक्यता पंचविसात एक, आणि घ्यायला मुलं आठच. इथे संधी कमी पडते. मग त्या मुलांच्या उत्तरांना वजन जास्त दिलं जातं. इतर मुलं प्रत्येकी दहा मुलांच्या वतीनं बोलतात, हे मूल पंचवीस जणांच्या वतीनं.

आता दुसरं नवल. मुलांचं वाचन आणि गणित तपासणारं ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. ग्रामीण भागासाठी त्याचं माप एकच: जिल्ह्यात तीस गावं, गावात वीस घरं, एकूण सहाशे घरं. २०११ च्या जनगणनेत तेरा लाख लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्यात सहाशे, आणि चौऱ्याण्णव लाखांच्या पुणे जिल्ह्यातही सहाशेच. हे चुकीचं वाटतं, पण नाही. अंदाज किती अचूक येईल हे नमुन्याच्या आकारावर ठरतं, जिल्ह्याच्या आकारावर जवळजवळ नाही. निव्वळ यादृच्छिक पद्धतीनं चारशे जण निवडले, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा टक्केवारी खऱ्या आकड्याच्या पाच अंकांच्या आत येते. ही चूक निम्मी करायची तर सोळाशे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त घ्यावे लागतात, कारण एका वर्गातली मुलं एकाच गुरुजींकडे शिकलेली असतात, एकाच गावात वाढलेली असतात. म्हणून एका शाळेतली चाळीस मुलं घेण्यापेक्षा दोन शाळांतली वीस-वीस घेणं शहाणपणाचं.

‘असर’ घरी जातं, कारण शाळेत नाव नसलेलं किंवा गैरहजर राहणारं मूल घरीच भेटतं. स्वयंसेवक गावात फिरून नकाशा काढतात, गावाचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागात मध्यापासून सुरुवात करून डाव्या हाताचं दर पाचवं घर घेतात. त्या घरात मूल नसेल, तरी ते घर वीसात मोजलं जातं.

वर्ध्याच्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्यांना यातलं काही परकं वाटू नये. पीक विम्यासाठी होणारा पीक कापणी प्रयोग याच घराण्यातला आहे. गाव, मग गट क्रमांक, मग शेतातला तुकडा, सगळं यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचं आणि तेवढ्याच तुकड्याच्या वजनावरून उत्पन्न काढायचं. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धान्तावरचं त्यांचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण तुकड्याच्या कडेवर उभं असलेलं झाड आत की बाहेर, हे माणूस ठरवतो, आणि त्याचा हात ते आत ओढतो. लबाडीनं नव्हे, नकळत. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानानं कड लांब, म्हणून चूकही मोठी.

वर्गालाही अशी कड असते. त्या दिवशी न आलेल्या मुलाच्या जागी शेजारची हुशार मुलगी बसवावी, असं कुणाही शिक्षकाला वाटू शकतं. त्यात शाळेविषयीचं प्रेमच असतं. पण ती मुलगी बसली की तिची उत्तरं तिच्यासारख्या नसलेल्या दहा किंवा पंचवीस मुलांच्या नावावर लागतात, आणि ज्यांना वाचायला अडतं ती मुलं कागदावरून नाहीशी होतात. म्हणून राष्ट्रीय सर्वेक्षणात शाळेची निवड आधीच झालेली असते, आणि वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं असली तर त्यांतली कोणती घ्यायची, हे बाहेरून आलेला क्षेत्र अन्वेषक ठरवतो.