एका हत्तीपायी

धर्म माणसाला हिंसेकडे नेतो का, हा प्रश्न कविसंमेलनानंतर चहाच्या वेळी मला हमखास विचारला जातो. विचारणारे सभ्य असतात, आवाज जरा खाली आणतात, आणि प्रश्नातला ‘धर्म’ माझ्यापर्यंत पोचेतो ‘इस्लाम’ झालेला असतो. मला त्याचा राग येत नाही, कारण प्रश्न खरा आहे. तो सगळ्याच धर्मांना विचारावा, एवढीच माझी अट.

असा वाद बहुधा लगेच ग्रंथांवर जातो. एक जण कुराणातली युद्धाची आयत काढतो. दुसरा एका निरपराध्याचा खून हा साऱ्या मानवजातीचा खून, या आशयाची आयत पुढे करतो. दोन्ही तिथे आहेत. गीता रणांगणावर सांगितली गेली. गांधीजींना तिच्यात अहिंसा दिसली आणि त्यांचा खून करणारा नथुरामही गीता मानणाराच होता. बुद्धाने करुणा शिकवली, तरी म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांची गावे जळाली तेव्हा लष्कराची पाठराखण करणाऱ्यांत भिक्षूही होते. आयत आणि श्लोकांच्या या जुगलबंदीतून उत्तर निघेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टी पाहाव्यात.

आमच्या कोकणातलीच एक सांगतो. आंजर्ल्याच्या उत्तरेला केळशी आहे. तिथल्या याकूबबाबांच्या दर्ग्याला शिवाजी महाराजांनी जमीन दिल्याचा दाखला भाषणांतून नेहमी येतो, म्हणून आज तो बाजूला ठेवू. आपण चिपळूणजवळच्या परशुरामाकडे जाऊ.

पहिल्या बाजीरावाचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी तिथे राहत. देवस्थानाला पेढे आणि आंबडस ही गावे इनाम मिळाली ती जंजिऱ्याच्या सिद्दीकडून. सिद्दी मूळचे हबशी, धर्माने मुसलमान. पुढे सावनूरच्या नवाबाकडून येणारा एक हत्ती वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडकवला. आंग्रे आणि सिद्दी यांचे किनाऱ्यावरून जुने वैर. अंजनवेल-गोवळकोटकडचा सिद्दीचा अंमलदार सिद्दी सात याने संशय धरला की हे स्वामींनीच घडवून आणले. १७२७ साली तो परशुरामावर चालून आला, देवस्थान लुटले, देवळाची मोडतोड केली. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. सिद्दीचे पारिपत्य व्हावे म्हणून त्यांची पत्रे मराठी दरबारी जात राहिली. १७३६ साली चिमाजी आप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला.

आता सांगा, इस्लाम देवळे फोडायला शिकवतो म्हणावे, तर इनामाची गावे दिली कोणी? तो सहिष्णुताच शिकवतो म्हणावे, तर देऊळ मोडले कोणी? इनाम देणारे आणि मोडणारे एकाच दौलतीचे, एकाच कलम्याचे. मधे आला होता तो हत्ती, त्यावरून संशय, आणि त्याच्या मागे बंदरांची, जकातीची, सत्तेची चुरस.

पण इथे थांबलो तर ती पळवाट होईल. भांडण हत्तीचे होते, मग राग देवळावर का निघाला? कारण समोरच्याला सर्वांत जास्त कुठे दुखेल, हे सिद्दी साताला ठाऊक होते. आणि देऊळ मोडल्यावर ते वैर हत्तीपुरते राहिले नाही, धर्माच्या अपमानाचे झाले. वैराचे मूळ बहुधा दुसरीकडे असते. धर्म त्याला निशाणा पुरवतो, आणि मारणाऱ्याला आपण पुण्य करतो आहोत असे वाटू देतो. ही जोखीम धर्माचीच, ती त्याने नाकारू नये. जिथे भांडणात धर्म शिरत नाही तिथेही रक्त सांडतेच. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेऊन तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. दोन्ही घराणी हिंदूच.

माझ्या समाजाशीही मला थोडे बोलायचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मुंबईच्या कब्रस्तानात जागा द्यायला मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. प्रेते शवागारात पडून राहिली, आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. त्या नकाराचा मला अभिमान आहे. मात्र त्यामागचे ‘ते मुसलमानच नव्हते’ हे कारण मला पुरत नाही. त्यांना घडवणारे नमाज पढणारे होते, ग्रंथ आमचाच वापरत होते. तो त्यांच्या हाती असा कसा लागला, हे आपणच विचारले पाहिजे. मिरजोळीचे हमीद दलवाई असे प्रश्न साठ-सत्तरच्या दशकात विचारत होते, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी पाठ फिरवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या अंगणातही उभा राहिला.

मग हिंसा अडते कशाने? भिवंडीकडे पाहा. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९८४ साली पुन्हा आग लागली. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दंगल झाल्यावर पुढाऱ्यांना गोळा करणारी शांतता समिती ही नव्हे. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि पोलीस एरवीच नियमाने एकत्र बसत, बारीकसारीक तंट्यांवर बोलत. त्यामुळे अफवा उठली की ‘खरे काय’ म्हणून विचारायला पलीकडच्या आळीत ओळखीचा माणूस असे.

बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. जवळच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. यंत्रमाग तेच, मशिदी आणि देवळे तीच, १९८४ मध्ये एकमेकांवर धावलेली वस्तीही तीच.

ही शांतता कायमची मिळाली असे मात्र नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून त्याच भिवंडीत पुन्हा हिंसा झाली, गोळीबार झाला, आणि मेलेल्यांत दोन पोलीस होते.