भाग ९ : यादीत नाव आहे का?

भिलाईच्या वैशाली नगरमधून तुमचा निवृत्त फौजी पुन्हा हजर आहे. मागच्या भागात आपण पायथनमध्ये लिस्ट कशी बनवायची ते पाहिलं. आज त्या लिस्टला विचारायचा सगळ्यात साधा प्रश्न पाहू : अमुक गोष्ट तुझ्यात आहे का?

नोकरीत हा प्रश्न मी रोज ऐकला. गेटवर संतरी उभा, हातात पाहुण्यांची यादी. नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर. पायथनमध्ये हे काम 'इन' हा शब्द करतो. आपल्या लिस्टचं नाव 'नावे' असेल, तर लिहायचं : 'शिंदे' इन नावे. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. उलटं विचारायचं असेल तर 'नॉट इन'. हे शब्द मी इथे देवनागरीत लिहितोय, संगणकावर ते रोमन अक्षरांतच टाइप करा.

इतकं सोपं. तरी याच एका ओळीने मला मान खाली घालायला लावली. आमच्या भागात माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आरोग्य तपासणी होती. दारात नाव तपासणारा छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. सत्तरीच्या एक वीरनारी आल्या. टेबलावरच्या मुलाने नाव टाइप केलं. फॉल्स. पुन्हा केलं. पुन्हा फॉल्स. "आजी, तुमचं नाव यादीत नाही." त्या काही न बोलता परत गेल्या. संध्याकाळी मी यादी डोळ्यांनी वाचली. त्यांचं नाव यादीत होतं.

असं का झालं ते समजायला आधी यंत्र कसं शोधतं ते पाहू.

लिस्टमध्ये 'इन' पहिल्या नावापासून सुरू होतो. हे आहे का? नाही. पुढचं? नाही. सापडलं की थांबतो. म्हणजे 'आहे' हे उत्तर कधी लवकर मिळतं, कधी उशिरा. पण 'नाही' म्हणायला त्याला शेवटच्या नावापर्यंत जावंच लागतं. पन्नास नावांत फरक कळत नाही. पण १०,००० नावांची एक यादी दुसऱ्या १०,००० नावांच्या यादीशी ताडायची असेल आणि एकही नाव जुळत नसेल, तर १० कोटी वेळा तुलना होते.

यावर उपाय म्हणजे 'सेट'. भिलाईची टाउनशिप आठवा. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर. पत्ता हातात असेल तर पोस्टमन प्रत्येक दार ठोठावत फिरत नाही, थेट त्या क्वार्टरवर जातो. सेटमध्येही प्रत्येक नावावरून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. हा आकडाच नावाचा पत्ता. विचारलेल्या नावाचाही पत्ता काढायचा, तिथे जायचं आणि पाहायचं. कधी दोन नावांचा पत्ता एकच निघतो, मग शेजारी बघावं लागतं. तरी यादी कितीही वाढली, तरी काम साधारण तेवढंच राहतं. म्हणून वारंवार तपासायचं असेल तर आधी एकदा सेट(नावे) करून घ्या. एक-दोनदाच तपासायचं असेल तर लिस्ट पुरे, कारण सेट बनवायलाही सगळी नावं एकदा वाचावीच लागतात.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला : लिस्टऐवजी चुकून नुसती अक्षरमाला दिली, तर 'राम' इन 'रामटेके' याचं उत्तर ट्रू येतं, कारण तिथे 'इन' तुकडा शोधतो. दुसरा : डिक्शनरीत 'इन' फक्त किल्ल्या पाहतो, त्यांच्या समोरच्या किमती नाही. नंबर किल्ली असेल आणि तुम्ही नाव विचारलंत, तर नाव समोर असूनही फॉल्स येईल.

आता माझी चूक. 'इन' विचारतो, "हे दोन सारखे आहेत का?" पण सारखे म्हणजे काय, हे मी ठरवलंच नव्हतं. त्या बाईंच्या आडनावात 'कऱ्हाडे'सारखा ऱ्ह होता. डोळ्याला तो एकच दिसतो. युनिकोडमध्ये मात्र हा ऱ तीन प्रकारे येऊ शकतो. एक, स्वतंत्र ऱ. दोन, साधा र आणि वेगळा नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. यादी एका किबोर्डवर टाइप झाली, दारातलं नाव दुसऱ्या. यंत्रासाठी ती दोन वेगळी नावं.

आपल्या राज्याचं नावच घ्या. हिंदीत छत्तीसगढ़ लिहिताना ढ खाली नुक्ता असतो, तो कधी ढ सोबत एकाच संकेतात येतो, कधी वेगळा. मराठीत आपण नुक्ता देतच नाही. झाले तीन प्रकार.

उपाय असा. नाव यादीत घालताना आणि तपासताना, दोन्ही वेळी एकाच चाळणीतून काढा. पुढेमागे असलेल्या मोकळ्या जागा स्ट्रिपने काढा. मग युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ 'एनएफसी' या रूपासह वापरा. ऱ चे पहिले दोन प्रकार त्याने एक होतात, नुक्तावाल्या ढ़ चे दोन्ही प्रकारही. पण अदृश्य जोडचिन्हाला नॉर्मलाइझ हात लावत नाही. तो प्रकार रिप्लेस वापरून स्वतः बदलावा लागतो. आणि मराठी-हिंदी लेखनातला फरक तर कुठलंच मॉड्यूल तुमच्यासाठी ठरवणार नाही.

याहून पक्का रस्ता फौजेने केव्हाच काढलाय. एका पलटणीत शिंदे किती, पाटील किती! म्हणून कागदोपत्री माणूस नंबरने ओळखला जातो. त्या नंबराच्या शेवटी तपासणीचं एक अक्षर असतं, म्हणजे एखादा आकडा चुकला तर पकडता येतो. मीही यादी आता नावाऐवजी नंबरवर लावली आहे. मात्र नंबर दोन्हीकडे अक्षरमाला म्हणूनच ठेवा. ५ हा आकडा आणि '५' ही अक्षरमाला पायथनला वेगळी वाटतात.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. फॉल्स म्हणजे 'हा माणूस आपला नाही' असं नव्हे. फॉल्स म्हणजे 'जसं टाइप केलंत तसं सापडलं नाही', एवढंच. संतरीही यादीत नाव नसलं की माणसाला तिथून हाकलत नाही, गार्ड कमांडरला बोलावतो. माझा प्रोग्राम आता फॉल्स आला की जवळची पाच नावं दाखवतो आणि खाली लिहितो : यादी डोळ्यांनी तपासा, पाहुण्यांना बसायला सांगा.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या घरी गेलो, माफी मागितली आणि तपासणीला सोबत घेऊन गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, "साहेब, मला वाटलं यांचं नाव फौजेने पुसलं."

गृहपाठ : तुमच्या ओळखीतली ऱ्य किंवा ऱ्ह असलेली दहा आडनावं फोनवर आणि संगणकावर टाइप करा, आणि 'इन'ने ताडून पाहा. किती फॉल्स येतात ते वहीत लिहा. पुढच्या भागात डिक्शनरी. जय हिंद.