टेबलावरचे मिग आणि खोलीतली हवा

केळीच्या बागेत पाइपलाइन जोडताना पीव्हीसी पाइपाच्या टोकाला सोल्युशन लावतात, पाइप कपलिंगमध्ये सारतात आणि थोडा वेळ दाबून धरतात. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे काम नवे नाही. विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचा पंख धडाला जोडला जातो तोही याच रसायनशास्त्राने. फरक इतकाच, की पाइपाचे काम उघड्या शेतात वाऱ्यावर होते आणि विमानाचे काम बंद खोलीत, नाकापासून वीतभर अंतरावर, महिनोन्महिने चालते. म्हणूनच या सुंदर छंदाकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहायला हवे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना धावपट्टी आहे आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने इथल्या आकाशात दिसतात. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून नाशिककडे जाताना ओझर लागते. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार झाली. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये निवृत्त झाले. आकाशातून गेलेले मिग आता टेबलावर उभे करता येते. त्याची मोठ्या मापाची किट बाजारात आहेत आणि ती घरपोच मागवता येतात.

माप वाढले की काय वाढते?

मॉडेलचे माप गुणोत्तरात सांगतात. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग, तर १:३२ आणि १:२४ ही मोठी मापे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. १:७२ मध्ये तो १० सेंटिमीटर भरतो, १:३२ मध्ये २२ सेंटिमीटरच्या थोडा वर जातो आणि १:२४ मध्ये जवळजवळ ३० सेंटिमीटर होतो.

१:७२ वरून १:३२ वर गेले की लांबी सव्वादोन पट होते. पृष्ठभाग मात्र लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाचपट होतो. घनफळ अकरा पटींच्या पुढे जाते. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॉलिश पेपरने घासायचे प्लॅस्टिक पाचपट, रंग पाचपट आणि त्या रंगातून उडून खोलीत पसरणारे थिनरही पाचपट. लहान मॉडेलच्या वेळी खपून गेलेली बेफिकिरी मोठ्या मॉडेलला चालत नाही ती यामुळे.

मोठ्या मापात बारकावेही वाढतात. कॉकपिटमधली घड्याळे, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, इंजिनाची पाती असे शेकडो सुटे भाग असतात. तरी सगळेच काटेकोर मापात दाखवता येत नाही. निरोगी डोळा ३० सेंटिमीटरवरून साधारण ०.०९ मिलिमीटरपर्यंतचे अंतर वेगळे ओळखू शकतो. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली २ मिलिमीटरची फट १:३२ मध्ये ०.०६ मिलिमीटर होते, म्हणजे नजरेच्या टप्प्याबाहेर जाते. म्हणून किट बनवणारे अशा रेषा मुद्दाम थोड्या रुंद कोरतात.

चिकटणे नव्हे, विरघळून एक होणे

किटचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचे आणि थंड झाले की बाहेर ढकलायचे. जळगावच्या कारखान्यांत पाइपांचे एल्बो आणि टी याच पद्धतीने निघतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे राहिलेली बारीक रेघ आणि ढकलणाऱ्या खिळ्याचा गोल ठसा एल्बोवरही दिसतो आणि विमानाच्या पंखाच्या आतल्या बाजूलाही. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भागांवर उरलेला असू शकतो. त्यावर रंग धरत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवतात.

पाइप पीव्हीसीचा, तर विमान पॉलिस्टायरीनचे. दोन्हीकडे जोडणारा द्रव प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतो. दोन्ही बाजूंचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, मग द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. पण म्हणून पाइपाचे सोल्युशन मॉडेलला वापरू नये. त्यातले तीव्र द्रावक पातळ पॉलिस्टायरीन झपाट्याने विरघळवून बारीक नक्षी बिघडवतात. मॉडेलच्या पातळ सिमेंटमध्ये साधारणपणे अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असते. सांधा काही मिनिटांत धरतो, मात्र आतला द्रावक पुढेही बराच काळ हळूहळू बाहेर पडत राहतो. त्यामुळे ताजे चिकटवलेले किंवा रंगवलेले मॉडेल झोपायच्या खोलीत ठेवणे बरे नाही.

वास हा पहिला इशारा

थिनर, लॅकर रंग आणि सिमेंट यांच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, डोळे चुरचुरतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या अनेक थिनरांत टोल्युइन असते. त्याचा मारा मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ झाला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. अडचण अशी, की नाक लवकर सरावते. अर्ध्या तासाने वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे नाही.

मास्कबाबतचा गैरसमज सर्वाधिक आढळतो. एन-९५ मास्क धूळ आणि रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे, सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो. तो घातला तरी खोलीतल्या बाकीच्यांना त्याचा उपयोग नसतो, म्हणून हवा बाहेर काढणे हेच पहिले काम. एअरब्रश किंवा स्प्रे वापरताना मॉडेलमागे बाहेर उघडणारा झोत हवा. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घेतले तर वाफेचा त्रास बराच कमी होतो. फवाऱ्याचे कण मात्र त्यातही असतात.

गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमधले, हार्डनर मिसळून वापरायचे टू-के क्लिअर घरी कधीही फवारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी एकदा श्वासनलिका संवेदनशील झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. काचेसारखी चमक हवी असेल तर त्यासाठी सुरक्षित वार्निश मिळतात.

एसी लावून खिडक्या बंद केल्या की तीच हवा खोलीत फिरत राहते. खान्देशातल्या घराघरातला कूलर इथे कामाला येतो. तो बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी ठेवली आणि टेबल त्या खिडकीशी लावले तर वाफ आपोआप बाहेर जाते. रंगकामाच्या वेळी कूलरची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, म्हणजे दमट हवेचा त्रास होत नाही. थिनरची वाफ ज्वलनशील असते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्याच खोलीत देवघरातली समई किंवा गॅस पेटलेला नसावा.

मे महिना आणि श्रावण

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा कोरड्या गरम हवेत एअरब्रशमधून निघालेला रंगाचा थेंब मॉडेलवर पोहोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उपाय सोपा आहे: सकाळी लवकर रंगवणे, रंग थोडा पातळ करणे, वाळणे लांबवणारे रिटार्डर चार थेंब घालणे. स्प्रेच्या डब्यावर तो ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये अशी सूचना असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्यापुढे सहज जाते आणि डबा फुटू शकतो. मॉडेल लवकर वाळावे म्हणून गच्चीवर ठेवणेही महागात पडते, कारण गडद रंगाचे पातळ भाग उन्हात वाकतात.

पावसाळ्यात उलटे घडते. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. त्या गार पृष्ठभागावर दमट हवेतली वाफ साचते आणि चकचकीत रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. झड लागली असताना लॅकर बाजूला ठेवून कॉकपिटचे बारीक काम काढणे शहाणपणाचे.

पाण्याचाही प्रश्न आहे. पंखांवरची चक्रे आणि आकडे पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रपट्ट्यांवर येतात. बोअरच्या जड पाण्यात त्या भिजवल्या तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर वाटीभर वापरले की काम भागते.

डोळे, हात आणि छोटे अपघात

चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो आणि मॉडेलचे काम २५ सेंटिमीटरवर चालते. त्यामुळे डोके पुढे झुकते, मान आणि खांदे आखडतात. नेत्रतज्ज्ञाला नेमके अंतर सांगून वेगळा नंबर घ्यावा किंवा डोक्याला लावायचे भिंग वापरावे. एकाग्रतेत पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यात कूलरचा झोत चेहऱ्यावर आला तर डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे.

हात थोडा थरथरणे नैसर्गिक आहे. प्रत्येक निरोगी हातात सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप असतो. उपाशीपोटी, थकव्याने किंवा लागोपाठ चहाने तो वाढतो. कोपरे टेबलावर टेकवली आणि दोन्ही हातांची करंगळी एकमेकींना लावून ठेवली की तो बराच आवरतो.

झटपट चिकटणाऱ्या गोंदात सायनोअ‍ॅक्रिलेट असते. बोटे चिकटली तर ओढू नयेत. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतकी उष्णता निघते की कातडी भाजू शकते, म्हणून तो कापसाने पुसू नये. डोळ्यात गेला तर पापण्या न ओढता, अ‍ॅसिटोन न लावता थेट डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा वैद्यकीय गोंद याच कुळातला असला तरी वेगळ्या घडणीचा असतो. पात्याने कापलेल्या बोटावर घरचा गोंद ओतू नये.

तीन चाकांवर उभे राहणारे मॉडेल पुष्कळदा शेपटीवर बसते, म्हणून नाकात वजन घालावे लागते. त्यासाठी काही जण मासेमारीचे शिसे घासून-कापून भरतात. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे तेच काम बिनधोक करतात.

मग हा छंद कशासाठी?

विमानांच्या मॉडेलना केवळ शोभेचे मानले गेले नाही. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ मापाची लाकडी मॉडेल करून घेतली. ३५ फुटांवरून पाहिलेले असे मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते, त्यामुळे सैनिकांना आपले आणि शत्रूचे विमान ओळखायला शिकवता येई. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे.

वाढत्या वयात हाताने काम करण्याचा मेंदूशी संबंध काय, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ८५ वर्षे आणि त्यापुढच्या २५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम आणि उतारवयात हस्तकला करणाऱ्यांमध्ये सौम्य विस्मरणाचा धोका ४५ टक्के कमी आढळला. यावरून हस्तकलेनेच स्मृती टिकली असे सिद्ध होत नाही. ज्यांची स्मृती मुळात चांगली त्यांनाच असे छंद झेपत असतील, हीही शक्यता आहे. तरी निवृत्तीनंतर दिवसातले दोन तास नजर, बोटे आणि डोके एकत्र कामाला लावणारा उद्योग टाकाऊ नक्कीच नाही.

मुलांसाठी सुरुवात गोंदाशिवाय जुळणाऱ्या किटने करावी. अनेक मोठ्या किटांच्या खोक्यांवर १४ वर्षे आणि पुढे असे वय छापलेले असते, ते पाते आणि द्रावक यांच्यामुळे. घरात गर्भवती स्त्री, तान्हे बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर फवारणी घराबाहेर, ओट्यावर किंवा गच्चीवर सावलीतच करावी. डोके जड वाटू लागले तर त्या दिवशीचे काम थांबवून मोकळ्या हवेत जावे. मिगचा पंख दुसऱ्या दिवशी जोडला तरी चालतो.