गाजर-बीट का सोडता?

भात-पोळी कमी केलेले बरेच जण त्याच दमात गाजर आणि बीटही बंद करतात. एवढं घाबरायचं कारण नाही. 100 ग्रॅम कच्च्या गाजरात किंवा बीटमध्ये साधारण 10 ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातले जवळपास 3 ग्रॅम तंतू. तेवढ्याच शिजलेल्या भातात सुमारे 28 ग्रॅम. पालक, टोमॅटो तर 4 ग्रॅमच्या आसपास. बटाटा, रताळं, मका मात्र मोजूनच घ्यावा.

भाजीचा रंग साखरेमुळे येत नाही. गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल रंग कॅरोटिनॉइडांचा. ती तेलात विरघळतात, म्हणून गाजराच्या भाजीला सुटलेलं तेल केशरी दिसतं. कोशिंबिरीला तेल-तुपाची फोडणी दिली, तर ती अंगी अधिक लागतात. पालकातही ती भरपूर असतात, फक्त हरितद्रव्याखाली झाकलेली.

लाल माठ आणि बीट यांतली बीटालेनं ही रंगद्रव्यं मात्र पाण्यात उतरतात. माठ उकडून ते लालभडक पाणी मोरीत ओतलेलं मला बघवत नाही; झाकण ठेवून अंगच्या पाण्यातच शिजवावा.

वांग्याच्या सालीत आणि जांभळ्या कोबीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. चिरलेल्या कोबीवर लिंबू पिळून पाहा, जांभळा रंग झटकन गुलाबी होतो. वांग्याचं हे द्रव्य जवळजवळ सगळं सालीतच असतं. भरतासाठी साल काढावीच लागते, भरल्या वांग्यांत ती राहते.

मधुमेहाची औषधं चालू असतील, तर भात-पोळी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर फार खाली जाऊ शकते.